लफडं नाही म्हणजे लग्न पाळलं?

२०२५ च्या मार्चमध्ये मेरठचं ते निळ्या ड्रमचं प्रकरण आलं, नवऱ्याच्या खुनाचा आरोप बायकोवर आणि तिच्या मित्रावर, आणि तेव्हापासून बघतेय, लग्नाचा विषय निघाला की माणसं दोन मिनिटांत टीम पाडून मोकळी होतात. एक टीम म्हणते आजकालच्या बायकांना काही धरबंधच राहिला नाही. दुसरी म्हणते पुरुष सगळे एकजात तसलेच, संधी मिळत नाही म्हणून सभ्य. ऑफिसात डबे उघडले की हेच, लेडीज डब्यात हेच, कुणाच्या मुंजीला गेलं तरी हेच. आणि दोन्ही टीमना रस एकाच गोष्टीत, कोणाचं बाहेर काय चाललंय. लग्न झालेली माणसं लग्नात दिलेला शब्द पाळतात का, हा प्रश्न एकदम रास्त आहे, पण त्याचं उत्तर लफडी मोजून काढायचं ही जी पद्धत पडलीये ती मला साफ चुकीची वाटते. माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक नवराबायको त्या एका बाबतीत नीटच वागतात, निदान मला आजूबाजूला तसं दिसतं, आणि तरीही त्यातल्या बऱ्याच जणांनी लग्नात कबूल केलेल्या बाकीच्या गोष्टी कधी मनावर घेतलेल्याच नसतात. त्यांना कोणी बेइमान म्हणत नाही. उलट लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हॉल घेऊन शाल-श्रीफळ देतात.

आता कबूल नक्की काय करतो आपण? कार्यालयात तो विधी चालू असतो तेव्हा अर्धी मंडळी पंगतीत घुसलेली असतात आणि फोटोग्राफर भटजींना 'गुरुजी, जरा परत' सांगत असतो, त्यामुळे ऐकतं कोण. पण मुलीचा बाप तिथे जावयाला बजावतो की धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलून जाऊ नकोस, आणि जावई म्हणतो नातिचरामि. म्हणजे पैशाअडक्याची गोष्ट त्यात उघड उघड घातलेली आहे, बिछान्याच्याही आधी. आणि हा शब्द एकट्या नवऱ्याकडून घेतलाय, बायकोला तिथे काही बोलायचंच नाही. जोतिरावांनी सत्यशोधक पद्धतीच्या लग्नासाठी स्वतः मंगलाष्टकं लिहिली त्यात हे बदललं, तिथे वधू बोलते, बायकांच्या हक्कांचं मागणं मागते आणि वर तिला तसं वचन देतो. आणि जोतिराव नुसते लिहून थांबले नाहीत. सावित्रीबाईंना मूल नाही म्हणून घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते अगदी चालून गेलं असतं, कोणी भुवई पण उचलली नसती, पण त्यांनी नकार दिला आणि पुढे यशवंतला दत्तक घेतलं.

समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी घेते. ते म्हणतात, बाकी काही म्हणा, एकनिष्ठपणा हाच पाया आहे, तो गेला की उरलेल्या सगळ्याला काय चाटायचंय? पटतं मला. फसवणूक झालेल्या बाईचा किंवा बुवाचा चेहरा ज्यांनी जवळून बघितलाय ते 'त्यात काय एवढं' असं म्हणू शकत नाहीत, आणि मोकळेपणाच्या नावाखाली ते दुखणं हलकं करणाऱ्यांचा मला रागच येतो. पण मग ह्याच पायाचं आपण इतकी वर्षं काय केलं ते पण बघा. लोक म्हणतात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ४९७ कलम काढलं आणि रान मोकळं झालं. ते कलम होतं काय? दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर तिच्या नवऱ्याने फिर्याद करायची, आणि त्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. नवरा एखाद्या विधवेकडे किंवा बिनलग्नाच्या बाईकडे जात असेल तर कायद्याला काही देणंघेणं नाही. बायकोला तर नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची सोयच नव्हती. मुंबई हायकोर्टात १९५१ साली न्यायमूर्ती छागलांनी तोंडावर म्हटलं होतं की ह्या कलमाच्या मुळाशी बायको ही नवऱ्याची मालमत्ता आहे ही कल्पना आहे. तरी ते पुढे सदुसष्ट वर्षं टिकलं. म्हणजे नवऱ्यांच्या एकनिष्ठपणावर ह्या कलमाचा पहारा कधी नव्हताच, मग तो पहारा उठला म्हणून ते बिघडले हे कुठलं गणित? आणि व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण म्हणून आजही कायद्यात आहे, ते कोणी काढलेलं नाही.

नानावटी प्रकरण आठवा. २७ एप्रिल १९५९, नौदलातला कमांडर, बायकोच्या मित्राला त्याच्याच घरात जाऊन गोळ्या घालतो आणि स्वतः हजर होतो. ज्युरी आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवते, हायकोर्ट तो निकाल फिरवून जन्मठेप देतं, सुप्रीम कोर्ट १९६१ साली ती कायम करतं, १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित माफी देतात. अर्धी मुंबई त्याच्या बाजूने होती म्हणतात. एक माणूस मेला होता, आणि शहर हळहळत होतं ते गोळी घालणाऱ्याच्या इभ्रतीसाठी. हीच घटना उलटी करून बघा, एखादी बाई नवऱ्याच्या मैत्रिणीला गोळ्या घालून पोलिसांत गेली असती तर आठ ज्युरर तिच्या बाजूने उभे राहिले असते का? एकनिष्ठपणाबद्दल आपल्याला जे वाटतं त्यात वचनाची चाड किती आणि मालकीची किती, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

दुसरा मुद्दा पण जड आहे, की आधीची पिढी निभवायची, आताची पोरं सहा महिन्यांत वकील गाठतात. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत वीसेक जण, पाळीप्रमाणे झोपायचं, एक पाळी कामाला गेली की दुसरीने त्याच जागेवर वळकटी टाकायची, जेवण खानावळीत. आजी मालवणजवळ गावात, लावणी, गुरं, सासूसासरे आणि चार पोरं घेऊन. गणपतीला आणि मे महिन्यात मिळून वर्षाचा जेमतेम महिनाभर संसार. अख्खं कोकण असंच मनिऑर्डरवर चाललं, त्यात आजोबांनी पोट मारून पैसे पाठवले हे खरंच आहे आणि त्याला मी वचन पाळणंच म्हणते. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. आजोबा मुंबईत काय करतात हे विचारायची गावात पद्धत नव्हती, आणि आजीने पाणंदीत कोणाशी चार शब्द बोलले तरी संध्याकाळपर्यंत वाडीभर व्हायचं. आणि ती मनिऑर्डर यायची पणजोबांच्या नावावर. आजीच्या हातात त्यातला पैसा कधी पडला नाही, मीठ-मिरचीला पण सासऱ्यांकडे मागायला लागायचं आणि कशाला हवेत ते सांगायला लागायचं. तिने निभावलं हो, पण तिच्याकडे दुसरा रस्ता कुठला होता? ज्याला सोडता येत नाही त्याने धरून ठेवलं ह्यात किती निष्ठा आणि किती नाइलाज ते कसं ठरवायचं? मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याने बंदी आली ती १९४६ साली. त्याच्या आधी त्याला पहिलं लग्न मोडायची पण गरज नव्हती, दुसरं करायचं फक्त. जुनी लग्नं टिकली असं जे आपण म्हणतो त्यात अशी किती असतील?

ह्याच मुंबईत १८८४ साली दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर दावा लावला होता, अकराव्या वर्षी माझ्याशी लग्न झालंय, आता नांदायला ये म्हणून. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, मग १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तेव्हा टिळकांसकट मोठमोठी माणसं म्हणत होती की ही लग्नाच्या बंधनाचा अपमान करतेय. ज्या वचनाला तिला कोणी विचारलंच नव्हतं ते तिने मोडलं असं म्हणायचं?

असो. मी बँकेत काम करते, त्यामुळे 'अर्थात डावलणार नाही' ह्या शब्दाचं पुढे काय होतं ते काउंटरवर रोज बघते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला पेन्शनर येतात, सोबत बायको, तिच्या हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी. खातं मात्र एकट्याचं. जॉइंट करा ना काका, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांतल्या कोणालाही चालवता येईल असं करून टाका, असं मी म्हटलं की काका हसतात, 'अहो तिला काय कळतंय त्यातलं', आणि काकू पण हसतात. एक काकू मला चांगल्या लक्षात आहेत. काकांना पॅरालिसिस झाला, बोलणं गेलं, हात गेला. सही येत नसेल तर अंगठा घेऊन पैसे देता येतात, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी, म्हणून आम्ही घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, जिना अंधारा, काका कॉटवर. काकूंनीच त्यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला आणि मग पदराने पुसला. निघताना दारात हळूच विचारतात, 'ताई, ह्यांच्याकडे एकंदर आहेत किती हो?' आणि मला सांगता येईना, कारण खातं त्यांचं नाही, गोपनीयतेचा नियम आहे. चाळीसेक वर्षांचा संसार, आणि नवऱ्याची शिल्लक मला माहीत, माझ्या शिपायाला माहीत, बायकोला नाही. पुढे गादीखाली एफडीच्या पावत्या सापडल्या, नॉमिनी काकांचा धाकटा भाऊ. काका काही वाईट माणूस नव्हते, बाहेर काही भानगड नाही, दारू नाही, पगार घरात. अख्खी चाळ त्यांना देवमाणूस म्हणायची. नवरा कोमात गेला तर बायकोला त्याचे व्यवहार बघायचा अधिकार आपोआप मिळत नाही हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, २०२० साली अशाच एका बाईला पालक म्हणून नेमून घ्यायला मुंबई हायकोर्टात जावं लागलं होतं. एका जॉइंट खात्याच्या फॉर्मने सगळं नाही तरी घरखर्च, औषधपाणी तरी सुटतं. तो फॉर्म भरायला किती वेळ लागतो? आता तर नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तर परवा एकाने भाऊ, बहीण आणि दोन्ही मुलगे लावले. बायको शेजारी उभी.

इथे लोक म्हणतात, तुम्ही बँकवाले, तुम्हाला सगळीकडे खातेवहीच दिसणार, संसारात असा हिशोब मांडला की प्रेम संपतं. मान्य आहे, रोजचा हिशोब मांडणारी घरं मी पण बघितलीयेत, भाजीचे अर्धे अर्धे जीपे करतात, मला ते बघून कसंतरीच होतं. पण हिशोब नको असं म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्या बाजूला बाकी निघणार असते. विरारहून उभ्याने चर्चगेट करणारा नवरा घरासाठी झिजतो हे मी आजोबांच्या बाबतीत मानलं तसं आत्ताही मानते, पण त्याच गाडीत लेडीज डब्यात त्याची बायको पण असते आणि ती घरी पोचून कुकर लावते. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७, आणि हे ९७ पण फक्त त्या पुरुषांचे जे काहीतरी करतात, असे सव्वीस टक्केच निघाले. त्यात लहान मुलं, बिनलग्नाचे सगळे आले, तेवढी सूट द्या, तरी चित्र काही पालटत नाही. ८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या, अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा आमच्या चाळीतल्या बायकांनी डबे केले, धुणीभांडी धरली. नवरे दिवसभर गॅलरीत. पण एकाही काकांनी विळी पुढ्यात घेऊन भाजी चिरलेली मला आठवत नाही. कमावणं हा त्यांचा वाटा होता म्हणून घरकाम तिचं, असं असेल तर कमाई तिच्याकडे गेल्यावर घरकाम त्यांच्याकडे का नाही आलं?

आजारपणाचं तर विचारूच नका. देशात २०१९ ते २०२३ ह्या वर्षांत जिवंत माणसांनी दिलेल्या अवयवांचा सरकारी आकडा ५६,५०९ आहे, त्यातल्या ३६,०३८ बायका. घेणाऱ्यांत मात्र पुरुष दुपटीहून जास्त. देणाऱ्यांत आया आणि बहिणी पण आहेत हे धरलं, पुरुषांना काही आजार जास्त होतात हे पण धरलं, पुरुष कमावता आहे म्हणून डॉक्टरांच्या आधी घरचेच त्याला देणाऱ्यांतून वगळतात हे पण धरलं. तरी इतका फरक? परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर बायकोच्या केमोसाठी गावाहून येऊन महिनोन्‌महिने स्टोव्हवर भात शिजवणारे नवरे मी स्वतः बघितलेत, त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, त्यामुळे पुरुषांना हे जमत नाही असं तर अजिबात नाही. जमतं. आपण ते त्यांच्याकडे मागतच नाही, ह्यालाच माझी हरकत आहे.

आणि बायका काय सगळ्या सत्यवानाच्या सावित्री आहेत? छे. नवऱ्याच्या आईला औषधाला पैसे द्यायचे तर चोरून द्यायला लावणाऱ्या बायका मला माहीत आहेत, चारचौघांत नवऱ्याच्या पगारावरून त्याची चेष्टा करणाऱ्या माहीत आहेत, भांडणात पोरांना बापाशी बोलू न देणाऱ्या पण. एकीने नवऱ्याला न सांगता माहेरच्या कर्जाला स्वतःचे दागिने, आणि त्याच्या आईने घातलेले सुद्धा, गहाण टाकले होते, लिलावाची नोटीस आली तेव्हा त्याला कळलं. हे पण डावलणंच आहे आणि ह्यातही बाहेरचा माणूस कुठेच नाही. म्हणून तर म्हणते, बायका विरुद्ध पुरुष असली टीम पाडून ह्या प्रश्नाचं काहीही होणार नाही.

वेगळं होणाऱ्यांवर तर सगळेच तुटून पडतात. परस्पर संमतीने घटस्फोट हिंदू कायद्यात १९७६ सालीच आलाय, पन्नास वर्षं होत आली, तरी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात जाऊन आलेला माणूस म्हणजे वचन मोडलेला असं आपण धरून चालतो. मला तिथे वचन मोडलेलं दिसतं ते वेगळ्या ठिकाणी, पोटगीच्या अर्जावर. कालपर्यंत गाडीतून फिरणारा गडी तारखेला येतो तो एकदम बेकार होऊन, धंदा भावाच्या नावावर, फ्लॅट आईच्या. हे इतकं सर्रास झालं की २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका केसमध्ये, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की दोन्ही बाजूंनी मिळकतीचं आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचंच. बायका पण पगार लपवतात, म्हणून दोन्ही बाजूंनी. नातं संपल्यावरही पोरांची फी वेळेवर भरणारा माणूस आणि एकाच घरात राहून बायकोशी दोन वर्षं न बोलणारा माणूस, ह्यात शब्द कोणी पाळला? आपल्याकडे सत्कार दुसऱ्याचा होतो.

ह्या पैशाच्या वचनाबद्दल महाराष्ट्रात जाहीरपणे एकदा तरी बोललं गेलंय आणि ते कुठल्या शहरी विचारवंताने नाही, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. १९९० च्या सुमारास त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, शेतकऱ्याने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, गावात शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. म्हणणं काय, तर सरकारने आपलं देणं बुडवलं म्हणून आपण ओरडतो, मग घरातल्या लक्ष्मीच्या कष्टांचं देणं आपण कधी फेडणार? रांगड्या शेतकऱ्यांनी ते ऐकलं, कित्येक गावांनी केलं. आणि इथे आम्ही शहाणे मुंबईकर, २०२१ च्या एप्रिलपासून बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, तर फ्लॅट बायकोच्या नावावर घेतात आणि मला लोनच्या टेबलावर सांगतात, 'टॅक्स वाचतो ना मॅडम, नाहीतर कशाला'.

शेजारी गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासूनचा कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी निम्मी, आणि बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्याच सप्तपदीचा अर्थ कायद्याने बदलतो. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की जो तो गोव्याचं उदाहरण देतो, पण हे निम्म्याचं कलम कोणी उच्चारत नाही. उत्तराखंडने २०२४ साली कायदा केला तर गाजलं काय, लिव्ह-इनची सक्तीची नोंदणी. म्हणजे पुन्हा तेच, कोण कोणासोबत झोपतंय. हे गोव्याचं कलम आपल्याकडे आणू या का असं मी डब्याच्या टेबलावर विचारलं होतं. आमचे एक साहेब, लग्नसंस्था वाचली पाहिजे म्हणून रोज तावातावाने बोलणारे, लगेच म्हणाले, मग लग्न करेल कोण? आणि आमची एक मैत्रीण, सगळे पुरुष तसलेच म्हणणारी, चमचा थांबवून म्हणाली, म्हणजे माझ्या पगारातून घेतलेला डोंबिवलीचा फ्लॅट पण निम्मा त्याचा?

हो, तो पण.